आठ दिवस थांबा

मारोतकाका तान्ह्या बाळाचं तोंड कधीच आधी पाहत नसत. बाळ पुढ्यात आलं की त्यांचा उजवा अंगठा थेट केसांत शिरायचा आणि अंधारात वाट चाचपावी तसा कानामागून टाळूपर्यंत हळूहळू सरकायचा. तोवर काका श्वासही जपून घेत. ‘कोणावर गेलीय, काका?’ असं बाळाची आई कौतुकानं विचारायची, आणि काका म्हणायचे, ‘खपली हाय. आठ दिवस थांबा.’

आर्णीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि त्यांचं केस कापायचं दुकान, यांच्यात टिनाची एकच भिंत होती. त्यामुळे त्यांचं बोलणं मी चौदा वर्षं फुकट ऐकलं. आमच्या भागातली सगळी जावळं त्यांच्याकडे असत. बोलावणं आलं की काका आदल्या दिवशी धोकटी न घेता, नुसते हात धुऊन त्या घरी जायचे. डोकं साफ असलं तर दुसऱ्या दिवशी मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाचे केस ते असे उतरवत की रडता रडता बाळ त्यांच्या मिशांकडेच बघत बसे. पण डोक्यावर पिवळ्या, चिकट खपल्या दिसल्या की ब्रह्मदेव आला तरी वस्तरा निघायचा नाही. ‘तारीख ठरली ना, काका!’ लोक गयावया करत. ‘मुहूर्त पंचांगाले नोका इचारू, डोक्याले इचारा,’ काका म्हणत. ‘लेकराचं डोकं कवळं असते. वस्तरा कवळा नसते.’

हे तुम्हाला शिकवलं कोणी, असं मी एकदा विचारलं. ‘एका डोक्यानं शिकोलं,’ एवढंच म्हणून ते वस्तऱ्यात नवं पातं घालायला लागले. त्या दिवशी पातं दोनदा खाली पडलं. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

अशा माणसाला गाव देव मानेल असं तुम्हाला वाटेल. गावानं उलटंच केलं. एका घरी काका ‘थांबा’ म्हणाले, घरच्यांनी दुसऱ्याकडून जावळ काढून घेतलं आणि महिनाभरात ते बाळ दगावलं. छातीत कफ भरला होता, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. पण गावाचं निदान वेगळं होतं : मारोतची जीभ काळी आहे, तो बोलला की होतंच. तेव्हापासून काही बायका त्यांच्या दुकानासमोरून जाताना बाळाच्या डोक्यावर पदर ओढायला लागल्या. काकांना ते दिसत होतं. मी म्हटलं, ‘काका, जरा गोड बोलत जा ना.’ त्यावर म्हणाले, ‘गोड बोलून खपली निघाली असती तं मी पुरणपोळीच चारली असती. मले दिसते ते मी सांगतो. न सांगतलं तं ते पाप कोनाच्या डोक्यावर जाईन?’

मग माझ्या मुलीचं जावळ आलं. सानू सात महिन्यांची होती. दुसऱ्या महिन्यापासून तिच्या डोक्यावर खपल्या होत्या. ‘तो जावळाचा मळ हाय,’ माझी आई छातीठोकपणे सांगायची. ‘जावळ निघालं का मळबी जाते.’ मोटारीची जळालेली तार काढून नवी भरायची, हे माझं रोजचं काम. मलाही ते पटलं. सानूचा मामा पुण्याहून दोन दिवसांच्या सुट्टीवर येणार होता. पाहुणे सांगून झाले होते, मंडप उभा होता.

आदल्या दिवशी काका आले. त्यांचा अंगठा नेहमीसारखा निघाला आणि डाव्या कानामागं थांबला. त्यांनी तो नाकाशी नेला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

‘भाऊ, मागं ओलं हाय,’ ते मला म्हणाले. ‘वरच्या खपल्याईचं काही नाही. तेल लावा, घटकाभर मुरू द्या, कोमट पान्यानं धुवा, मऊ फडक्यानं पुसा. निघन तेवढी निघू द्या, नख लावू नोका. पर हे ओलं आजच डॉक्टरले दाखवा. जावळ आठ दिवसानं काढू.’

‘सुट्टी काय तुमी देता का तिच्या मामाले?’ आई कडाडली. ‘घरात शुभकार्य अन् तुमी काय बोलून राह्यले!’

काका दारापर्यंत गेले आणि वळले. ‘उद्या वस्तरा लावसान तं लेकराले भोगा लागन,’ म्हणाले. माझी बायको वंदना माझ्याकडे बघत राहिली. मी मंडपवाल्याशी बोलायला बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या नव्या सलूनमधून एकाला आणलं. केसांबरोबर खपल्याही निघाल्या. खाली कातडी लाल होती आणि तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटत होते. आईनं त्यावर हळद आणि तेल चोपडलं. सानू घसा बसेपर्यंत रडली. ‘पाहा, किती साफ झालं,’ सगळे म्हणाले. मामानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. वंदनानं मात्र फोन हातात घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सानूचं अंग तव्यासारखं तापलं. डाव्या कानामागं लिंबाएवढी सूज होती आणि पोरगी मान वळवेना. तशीच गाडी करून यवतमाळला नेली. नऊ दिवस तिच्या इवल्या हाताला सुई होती. पहिले तीन दिवस डॉक्टरीणबाई आमच्याशी नीट बोलतही नव्हत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘कानामागं आधीच पू धरला होता. त्यावरून पातं फिरलं आणि तो पसरला. जावळ काढायच्या आधी तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?’

वंदना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘नाही.’

सानू बरी झाली. आम्ही आर्णीला परतलो, तर गावात गोष्ट आमच्याआधी पोचली होती. आईच सांगत सुटली होती : ‘मारोत दारातून बोलला अन् तिसऱ्या दिवशी पोरगी तापली!’ दुकानात जो येई तो विचारी, ‘खरं हाय का भाऊ?’ मी मोटारीत तोंड खुपसून तार गुंडाळत बसे. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर माझी चूक दुसऱ्याच्या नावावर परस्पर चढत होती आणि मला ते सोयीचं होतं. लाज वाटते, पण तसंच होतं.

काकांची जावळं बंद झाली. मग लहान मुलांचे केस बंद झाले, मग मोठ्यांचे. टिनाच्या पलीकडे दिवस दिवस कात्रीचा आवाज येत नसे. त्यांनी मला एका शब्दानंही जाब विचारला नाही. एकदाच दारात येऊन म्हणाले, ‘पोरीचं डोकं सुकलं का?’ मी म्हटलं, ‘सुकलं.’ ‘बरं झालं बाप्पा,’ म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी नट खोलायचा पाना शोधायला खाली वाकलो. उन्हाळा लागायच्या आत दुकान विकून ते पुसदला मुलीकडे निघून गेले.

गेल्या वर्षी ते वारले. पुसदला त्यांच्या घरी बसायला गेलो. पाच-सात माणसं होती, काकांची मुलगी सुनीता भिंतीला टेकून बसली होती. इतकी वर्षं अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. सगळ्यांसमोर म्हटलं, ‘काकांनी मला नीट सांगितलं होतं. डॉक्टरला दाखवा म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंचंही तेच म्हणणं पडलं. त्यांच्या बोलण्यानं काही झालं नाही. मी ऐकलं नाही म्हणून झालं.’

सुनीतानं मान वर केली.

‘माह्या नातीच्या डोक्यावर खपल्या आल्या होत्या, भाऊ,’ ती म्हणाली. ‘मी बाबाले म्हटलं, काय लावू सांगा. तं उठून बाहेर गेले. मागं गेली तं रडून राह्यले होते. म्हने, मले नोको इचारू, सुनीता. मी बोललो अन् लेकराले काही झालं तं?’

तिनं पदरानं तोंड पुसलं.

‘लोकाईले नसतं सांगतलं तं चाललं असतं. बाबाले तरी सांगाचं होतं.’