रेडिओवाल्याचा रुसवा

ह्यांचा संध्याकाळचा रेडिओ मला कधीच आवडला नाही. इथे कॅनडात, आमच्या हॅमिल्टनच्या स्टेशनवर चार ते सात नुसती खेळांची बडबड. पोरंबाळं असलेले बाप्ये फोन करकरून भांडायचे, की अमक्याने चेंडू का सोडला. सोडला तर सोडला. यांच्यातला एक तरी धावणार होता का उचलायला? आणि जो निवेदक आत्ता कोचवर तुटून पडला होता, तोच पुढच्या मिनिटाला गादीची जाहिरात वाचायचा, तितक्याच कळवळ्याने. मला चौथीपर्यंतच शाळा, पण कळवळा विकत मिळतो हे मला तेव्हाच कळलं होतं.

तरी मी रेडिओ बंद कर म्हणाले नाही. ह्यांना दुसरं काय उरलं होतं? स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि साखरेने डोळे नेले. टीव्ही नाही, पेपर नाही. दर सोमवारी स्टेशनला फोन करायचे. निवेदक ह्यांना 'कॅप्टन' म्हणायचा. कारखान्यात कोणी म्हटलं नव्हतं.

एका सोमवारी हे त्याला गमतीने म्हणाले, तू मायक्रोफोनपेक्षा जड काही उचललं आहेस का, ये एकदा भट्टीसमोर उभा राहा. तो खूप हसला. पुढच्या सोमवारी त्याच्या जागी दोन नवे बोलणारे, टोरोंटोच्या हॉकीबद्दल. त्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. ह्यांनी फोन लावला तर एका पोरीने टॉपिक काय म्हणून विचारलं, गाणं लावून ठेवलं, मग फोन तुटला. त्याच्या पुढच्या सोमवारीही तसंच. पण मधूनमधून 'आपलं हॅमिल्टन, आपला खेळ' ही स्टेशनची ओळ त्याच्याच आवाजात लागत होती, म्हणून हे धरून बसले, की तो आहे, फक्त आपल्यावर रुसला आहे.

"मायक्रोफोनचं लागलं असेल का गं त्याला?" दिवसातून दहा वेळा विचारायचे. जेवण अर्धं टाकायचे. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं असतं, पण तिला विचारायची ह्यांना लाज वाटली. बाप रेडिओवाल्यासाठी झुरतो हे कोणाला सांगायचं?

वसईला आमच्या आळीत रुसवा काढायची एक रीत आहे. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्या घरी नाताळात ताट पाठवायचं. त्याने ताट घेतलं की भांडण मिटलं. माफी कोणी मागत नाही, कोणी विषय काढत नाही. नाताळ जवळ आला तसे हे म्हणाले, "तू ताट घेऊन जा स्टेशनवर."

मी ग्रोसरीच्या काउंटरवरही मान हलवून काम भागवणारी बाई. पण ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. सकाळी उठून करंज्या भरल्या, फुगे, म्हणजे आमचे नाताळचे गोल वडे, तळले आणि बसमध्ये इंग्रजीची दोन वाक्यं घोकत माउंटनवर, गावाच्या टेकडीवरच्या भागात, गेले. तिथे स्टेशनच्या दारावर ते विकत घेतलेल्या नव्या कंपनीचं मोठं चकाकतं नाव. आत नाताळचं झाड, खाली रंगीत कागदातली बक्षिसं. माझा बूट एका खोक्याला लागला आणि ते भिंतीपर्यंत घसरत गेलं. रिकामं होतं.

टेबलंही रिकामी, नुसत्या वायरी लोंबत होत्या. एक छान स्वेटर घातलेला माणूस आला. त्याने हसतमुखाने सांगितलं, की निवेदकाला कधीच काढलं, तुम्ही म्हणता त्याच आठवड्यात. बाकीच्यांनाही काढलं. आता कार्यक्रम टोरोंटोत होतो आणि सगळ्या गावांना तोच ऐकवतात.

मग रेडिओवर त्याचा आवाज कसा, मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

ते रेकॉर्डिंग कंपनीचं आहे, तो म्हणाला, लोकांना ओळखीचा आवाज बरा वाटतो.

म्हणजे माणूस हाकलला आणि गळा ठेवून घेतला. आमच्याकडे बोकड कापणारासुद्धा एवढा हिशोबी नसतो. वर हा म्हणतो, आम्ही इथे सगळे एक कुटुंब आहोत, आणि ताट घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

मी ताट मागे ओढलं. "नो. धिस इज नॉट फॉर यू."

घोकलेल्या वाक्यांत हे नव्हतं. पण त्याने ताट घेतलं असतं तर भांडण मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं.

घरी आले तर हे दारातच उभे. "घेतलं का त्याने?"

मी सगळं सांगितलं. "म्हणजे माझ्यावर रागावला नव्हता," हे म्हणाले आणि चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. पण लगेच मान खाली घातली. त्याची नोकरी गेली आणि आपल्याला बरं वाटलं, याची त्यांना शरम वाटली. थोड्या वेळाने विचारलं, त्याचं घर कुठे ते विचारलंस का? रागाच्या भरात मी विचारलंच नव्हतं. करंज्या तशाच राहिल्या.

पुढच्या सोमवारी ह्यांनी मला नंबर लावून द्यायला सांगितला. पोरीने टॉपिक विचारला. खरं सांगाल तर पुन्हा गाणं लावेल, मी कानात म्हटलं, हॉकी म्हणा. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना खोटं बोलायला शिकवलं. मग स्वयंपाकघरातल्या रेडिओला कान लावून उभी राहिले. नव्या दोघांनी ह्यांना कार्यक्रमात घेतलं, आणि हे, भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय असलेले, मोठ्याने म्हणाले, की आमच्या माणसाला का काढलं ते सांगा, आणि त्याचा आवाज वापरता त्याची लाज वाटत नाही का.

लगेच मोटारीची जाहिरात लावली. पण उशीर झाला होता. कंपनीनेच कार्यक्रम सगळ्या गावांना जोडला होता, तेव्हा ते सगळ्या गावांनी ऐकलं.