हबीबचाचांची नळी

सोड्याची बाटली भरली की हबीबचाचा ती आधी कानाला लावायचे. यंत्रावर दाबाचं घड्याळ होतं, पण त्याचा काटा कधीचाच अडकला होता. "काटा खोटं बोलते, बाटली नाही," म्हणायचे. बोरी अरबच्या बाजारात त्यांचा सोड्याचा कारखाना. कारखाना कसला, दहा बाय दहाची खोली! चाचांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी मोठी ढेकर आली की मला त्यांचीच आठवण येते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीत घरी कडक बीअर करतो. स्टीलच्या बंद पिंपात भरायचो, पण फेस म्हणून नाही. पेल्यात ओतली की नुसता काढा. चाचांकडे गॅस होता, पण ते दारूला शिवत नसत. "माह्या सोड्यानं लोक रोजा सोडतेत मास्तर. तुह्या पिंपाले माही नळी लागणार नाही," असं त्यांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलं होतं.

एका शुक्रवारी मला दुकानात बसवून ते नमाजला गेले. मी अक्कल गहाण ठेवली. पिंप आणलं, नळी जोडली, चावी फिरवली. पिंप काठोकाठ भरलेलं, घाईत आणलेली ती बीअर या खेपेला आत अजून आंबत होती, म्हणजे दाब तिचाच जास्त. गॅस आत जायचा सोडून बीअरच उलटी चाचांच्या यंत्रात घुसली. विज्ञानाचे मास्तर फेसात उभे.

चाचा आले. वास त्यांना दारातच आला. रोजे पाच दिवसांवर होते. त्यांनी नळी कापून फेकली, दुकान बंद केलं आणि तीन दिवस यंत्र उकळत्या पाण्यानं धुतलं. मीही घासत होतो, पण ते माझ्याकडे बघेनात. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

चौथ्या दिवशी म्हणाले, "इकडं ये. तुले शिकवलं नाही, तर तू कोणाचा तरी डोळा फोडशील." आणि सोडा भरायला शिकवलं.

पुढे मी स्वतःचा सिलिंडर घेतला, तेव्हा पिंपापासून चार हात लांब, हात मागे बांधून ते उभे राहिले. "पह्यले थंड कर. गरम असली की गॅस थांबत नाही. कडक माल हाय, दोन दिवस जास्त दे. काहून घाई करून राह्यला? कान लाव. काय म्हणते?"

"काहीच नाही."

"मंग बसला गॅस."

पण ते नंतरचं. त्या वर्षी पहिल्या रोजाच्या बाटल्या त्यांनी मलाच भरायला लावल्या. संध्याकाळी मशिदीपाशी मंडळी बसली होती. बातमी गावभर झाली होतीच. एकानं हळूच विचारलं, "चाचा, मशीन साफ है ना?"

चाचांनी खजूर तोंडात टाकला. समोरची बाटली उघडली, सगळ्यांच्या आधी अर्धी स्वतः प्यायले आणि उरलेली त्याच्यापुढे धरली.

"मास्तरनं भरली हाय," म्हणाले. "घे."