तपासणीच्या वहीत सगळे ठणठणीत

दुष्काळाच्या त्या वर्षी मी एका साखर कारखान्यात कामगार कल्याण खात्याचा हंगामी कारकून होतो. गाळप संपलं की घरी जायचं, पुढच्या हंगामाला बोलावतील की नाही ते साहेबांच्या मर्जीवर. बाहेर सरकारी कामावर खडी फोडण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि माझे दोन्ही भाऊ तेच करत होते.

कारखान्यानं आदल्या वर्षी कामगारांसाठी आरोग्याची योजना काढली होती. महिन्यातून एकदा डॉक्टरांची तपासणी आणि उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळतात त्या भट्टीवरच्या माणसांना, धुरानं घसा धरू नये म्हणून, रोज गुळाचा खडा. या योजनेचा फायदा किती झाला याचा अहवाल संचालकांपुढे जायचा होता. कल्याण अधिकाऱ्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "छान लिहा. वही समोर आहेच."

यंदाच्या तपासणीची वही पाहिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शेरा, 'प्रकृती उत्तम'. पण कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीमागच्या बाकावर रोज कुणी ना कुणी जीव जाईपर्यंत खोकत असायचं, ते मी ऐकत होतो. म्हणून चारच्या पाळीला मी भट्टीकडे गेलो.

तिथे नाकातोंडात जाळ शिरल्यासारखं झालं. पन्नाशीचा एक कामगार तोंडाला पंचा बांधून उभा होता. सगळे त्याला मामा म्हणत. मी विचारलं, "मामा, तपासणीला आला होतात का?"

"न्हाई, भाऊसाहेब. त्या दिवशी पाळी बदलून घेतली."

"का?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं. "डागदर लिवतो ते कागद टाईम ऑफिसात जात्यात, आन् कुनाला कामावर घ्यायचं ते तितंच ठरतंय. मागं एकाच्या छातीत खरखर निघाली. औंदा त्याला बोलवनंच न्हाई आलं. आमी समदे तसंच करतो. ज्याला लई खोकला, त्यो त्या दिवशी येतच न्हाई." मग माझा दंड धरून म्हणाला, "माझं नाव लिवू नका. पाया पडतो."

त्याचा हात तापानं फणफणला होता.

चार दिवसांत मी सात जणांशी बोललो. कुणाला रात्री घाम येत होता, कुणाच्या थुंकीत रक्त दिसलं होतं. नाव लिहिणार नाही असं सगळ्यांना सांगितलं आणि विसरायला नको म्हणून माझ्या वहीत सगळ्यांची नावं लिहूनही ठेवली. आजही त्याची लाज वाटते.

अहवाल लिहायला बसलो. चांगलं ते सगळं लिहिलं, गुळाचंही. शेवटी दोन वाक्यं घातली: तपासणीचे कागद टाईम ऑफिसला जातात म्हणून आजारी माणूस तपासणीला येत नाही. या योजनेत फक्त निरोगी माणसं तपासली जातात. दोनदा खोडून तिसऱ्यांदा पुन्हा लिहिली, आणि जेवणाच्या सुट्टीत कल्याण अधिकारी नसताना अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवून पळालो.

तिसऱ्या दिवशी शिपाई आला. "मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय. वही घेऊन या म्हणाले." कुठली वही, ते मी विचारलंच नाही. बॉयलरकडून वळसा घेतला, नावांचं पान फाडलं आणि उसाच्या भुशाबरोबर जाळात टाकलं. कुणी पाहिलं असतं तर संपलंच होतं.

मॅनेजर शांतपणे बोलले, त्यानं मी जास्तच घाबरलो. "हे कुणी सांगितलं?"

"बऱ्याच जणांनी, साहेब."

"नावं सांगा."

"नावं घेतली नाहीत."

"नावं न घेता अहवाल लिहिता?" त्यांनी माझी वही चाळली. फाटलेल्या पानाच्या कडेवर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी वही मिटली. "पुढच्या हंगामाला तुमची गरज लागेल असं वाटत नाही," ते म्हणाले.

संचालकांकडे अहवाल गेला तेव्हा त्यात ती दोन वाक्यं नव्हती. खाली नाव मात्र माझंच होतं.

पण तपासणी करणाऱ्या, कारखान्याच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझा मूळ अहवाल वाचला असावा. मला बोलावून ते एवढंच म्हणाले, "त्या माणसांना सांगा, माझ्याकडे यावं. तपासणीचा कागद माझ्या कपाटात राहील." मी घाबरत घाबरत सातही जणांना गाठलं. पाच जण आले, मामा त्यांत होता. डॉक्टरांनी त्याला चिठ्ठी देऊन छातीचा फोटो काढायला नगरला पाठवलं. क्षय निघाला. पुढे कित्येक महिने तो गावातल्या दवाखान्यात जाऊन सुया टोचून घेत होता. तो बरा झाला. जे दोघे आले नाहीत त्यांतला एक पुढच्या दिवाळीआधीच गेला.

पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही. मी भावांबरोबर खडी फोडायला गेलो. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, तरी बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.