गुणवंतरावांच्या डोळ्यांना दिसलेला रस्ता

आमचे आमदार गुणवंतराव वाईट माणूस असते, तर मला एवढा मनस्ताप झाला नसता. वडशाच्या भातगिरणीवाल्याचा हा मुलगा. नागपुरात दोनदा वकिलीच्या परीक्षेला बसला, दोनदा नापास झाला आणि बावन्न साली निवडून आला. "ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाई, मले डोळ्यांनं दिसलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद. म्हणून दर उन्हाळ्यात ते जीपने दौरा काढत. नाल्यावरच्या पुलाचा अर्ज शाळामास्तर म्हणून मी लिही, आणि तो दरवर्षी वाया जाई.

आता आमच्या गावाचं शहाणपण ऐका. मोठा पाहुणा येणार म्हटलं की अख्खं गाव नाल्यावर! काठ उतरता करायचा, रेतीवर बांबूचे तट्टे, वर मुरूम. जीप अलगद पार. "रस्ता तं झकास आहे!" म्हणत गुणवंतराव पुलाच्या अर्जावर काट मारत. पहिल्याच पुरात मुरूम वाहून जाई. चार वर्षं हेच! गेल्या भादव्यात रुखमाबाईची थोरली लेक वच्छला बाळंतपणात अडली. दवाखाना नाल्यापलीकडे, पाणी उतरेना. दोन दिवस तळमळून पोरगी गेली. आता धाकटी मंगली माहेरी आली होती, श्रावणात बाळंत होणार होती.

छप्पनच्या वैशाखात मी साऱ्यांना शपथ घातली. यंदा नाल्याला हात लावायचा नाही. रुतू द्या जीप, दिसू द्या त्यांना.

आणि रुतली की! चाकं अर्धी रेतीत, गुणवंतराव भर उन्हात घाम पुसत उभे. बघा, म्हटलं मनात, नीट बघा. तेवढ्यात रुखमाबाई आली. डोक्यावर तिच्याच घराचं उखडलेलं दार.

"बाई, शपथ घेतली होती ना!" मी ओरडलो.

"पाहुना आहे गा भाऊ. नाल्यात उभा राह्यला त गावाची इज्जत जाईन."

तिच्यामागे सारं गाव धावलं. दारावरून चाकं निघाली. गुणवंतरावांचे डोळे भरून आले. पलीकडे जाऊन त्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता मला वाचून दाखवलं, "लोक फार मदतगार. पुलाची घाई नाई."

परतलो तर रुखमाबाई दाराची रेती झटकत होती.

"पूल लिवला ना सायबानं?"

मला तिचा असा संताप आला होता, की काय बोलू आणि काय नको. "हो," म्हणालो, आणि तडकलेल्या दाराचं दुसरं टोक धरलं. घरी उघड्या उंबऱ्यात मंगली बसली होती. श्रावणाला तीन महिने होते.