शिट्टीला लागणारा दिवा
सोल्डरच्या धुराचा वास आला की मला शिरगावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर मशीनपाशी उभं राहून बाबांचे कान गेले होते, आणि आई बाहेर गेलेली असताना त्यांच्या हातून दोनदा कुकर करपला होता. कुकरची शिट्टी झाली की दिवा लागावा, म्हणून एका रविवारी, आठवडाभराच्या नोकरीने पार पिचलेलो असूनही, मी उल्हासनगरहून छोटा माईक आणला आणि ओट्याशेजारी तो मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिपच्या, बोर्डाला सोल्डरने जोडत बसलो. माईकचा सिग्नल इतका बारीक की बोर्डाला तो कळेचना. अ‍ॅम्प्लिफायर लावला, तर आई नुसती बोलली तरी दिवा लागायचा. "अगं आई, जरा गप्प बस ना," मी चारदा तरी वैतागून म्हणालो असेन. लॅपटॉपवर आकडे बदलत बदलत संध्याकाळपर्यंत मी माणसाचा आवाज पुरता गाळून टाकला. बाबा त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. "मगाशी ही बोलली की लागत होता ना?" "ती चूक होती बाबा, काढली मी," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणालो. ते आईकडे बघत हळूच म्हणाले, "कुकरचं राहू दे रे. ही कधी बोलते, तेच मला कळत नाही." पुन्हा लॅपटॉप उघडायचं त्राण माझ्यात नव्हतं. "पुढच्या रविवारी करतो," म्हणालो. तो रविवार काही उजाडला नाही. आई गेल्यापासून कुकर बाबाच लावतात, आणि शिट्टी झाली की दिवा बिनचूक लागतो.