पाच गावांची एक रात्र

सुनिता डोंगरातल्या मोलगी गावाच्या वरच्या अंगाची. नंदुरबारला वसतिगृहात राहून इंग्रजीत एम.ए. करत होती, आणि हे धाडस तिच्या पाड्यावर आजवर कुणी केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिच्या वाट्याला एक कादंबरी आली. शंभरेक वर्षांपूर्वीची, युरोपातली, विटेएवढी जाड. तिच्यातली माणसं बोलत कमी, मनातल्या मनात पुटपुटत जास्त. वाक्य एकदा सुरू झालं की पान उलटलं तरी थांबायचं नाव नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांनी गाइड आणून हात झटकले. सुनिताने पदर खोचला.

तिला खोचावाच लागणार होता. तिचा बाप आमशा फोनवर सारखा म्हणायचा, "आश्रमशाळेत जागा निघाली आहे. ये आता." तिनेही मनाशी ठरवून टाकलं होतं की या कादंबरीवरचा आपला निबंध वर्गापुढे टिकला तर शिकायचं, नाहीतर गुपचूप जीप धरून घरी जायचं. मग काय, जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. वसतिगृहाची स्वयंपाकीण कालीबाई दारात येऊन अहिराणीत ओरडायची, "जेवी ले वं बाई! पुस्तक काय पयी जाई ऱ्हायनं का?" पुस्तक पळून जात नव्हतं, पण सुनिता उठत नव्हती.

कादंबरी अशी: नदीकाठची पाच गावं. सुगीनंतरचा सण. पहिल्या प्रकरणात एक म्हातारी विधवा पाहुण्यांसाठी ताटं मांडून बसते, आणि पाहुणे येत नाहीत. पुढच्या चार प्रकरणांत खालच्या चार गावांतले तिचे नातलग, त्यांत तिचा एक भाचाही, तोच सण करतात, नाचतात, पितात, मध्येच तिची आठवण काढतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घंटा वाजते.

सुनिताला यात कोडं असं काही दिसलंच नाही. सण म्हणजे गावागणिक वेगळ्या दिवशी, हे काय सांगायला हवं? डोंगरात दिवाळी अशीच होते. जाणती माणसं बसून आपापल्या गावाचा दिवस धरतात. आज या गावची, चार दिवसांनी पलीकडची, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाकडे जाता येतं. पाच प्रकरणं म्हणजे पाच रात्री, आणि घंटा म्हणजे त्या गावचा सण संपल्याची खूण. तिला राग आला तो त्या भाच्याचा. तिच्या सणाच्या रात्री मोकळा असून म्हातारीकडे गेला नाही, मेला! तिने झणझणीत निबंध लिहिला. युरोपात नाती कशी तुटली, शहरांनी माणसं कशी गिळली, असे दाखले देऊन भाच्याला पार धुऊन काढलं.

वर्गापुढे वाचायच्या आदल्या दिवशी तिने तो कादंबरी शिकवणाऱ्या रूपल मॅडमना दाखवला. मॅडम मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. घरच्यांनी गादीवर बसवायचं ठरवलं होतं, पण ही बाई कादंबऱ्यांत जाऊन बसली. त्यांनी निबंध वाचला आणि चष्मा काढला.

"सुनिता, या पाच रात्री नाहीत गं. एकच रात्र आहे. सगळीकडे सण एकाच दिवशी. लेखकाने तीच रात्र पाचदा सांगितली आहे. त्या काळी युरोपातले बरेच लेखक असंच करत होते. एका घड्याळावर, एका सांगणाऱ्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता."

"मग घंटा, मॅडम?"

"तीही एकच. सणाची नाही. लढाई सुरू झाल्याची."

सुनिता निबंध उचलून निघाली. खोलीवर येऊन तिने पुस्तक पहिल्यापासून उघडलं. अक्षर तेच, पण पुस्तक दुसरंच निघालं. भाचा नाचत होता, त्याच घडीला म्हातारी दाराशी कान लावून होती. ती सांडलेलं मीठ गोळा करते, तेव्हा तिकडे तो तिचंच नाव घेऊन प्याला उचलतो. आणि दोघांच्या डोक्यावर एकच घंटा. ज्याने हे लिहिलं तो माणूस होता की कोण, असं तिला वाटलं. तिला रडू आलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातात आहे आणि आपण ते वाचू शकतो, याचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे तिने निबंध उघडलाच नाही. आपली चूक सांगितली, डोंगरातली दिवाळी सांगितली. पोरं आधी हसली. मग ती म्हणाली, "मी भाच्याला उगाच शिव्या दिल्या. आमच्याकडे एकाची रात्र संपली की दुसऱ्याची असते. त्यांच्याकडे सगळ्यांची रात्र एकच होती. म्हातारीकडे जायला त्याच्याजवळ दुसरी रात्रच नव्हती. आणि घंटा झाल्यावर तर कुणाकडेच राहिली नाही."

कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हे मला वीस वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. लिहून दे. पुढे याच्यावरच काम कर."

संध्याकाळी आमशाचा फोन आला. जागेचं काय करायचं, त्याने विचारलं. सुनिताने धीर करून सांगितलं, "बा, मी नोकरीला येत नाही. अजून शिकणार. दिवाळीलाही यायला जमेलसं वाटत नाही, परीक्षा मध्येच येते आहे."

बाप रागावणार, असंच तिला वाटलं.

"परीक्षा कधी संपते ते सांग," आमशा आपल्या पावरी बोलीत म्हणाला. "आज गाव बसणार आहे, दिवाळीचा दिवस धरायला. तुझ्या परीक्षेच्या पुढचा धरू."