शिंपीकाकांच्या अंगठ्याची पट्टी

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर तोंडाने फटकळ, पण हात मऊ. बावीस वर्षं लोकांच्या जखमा बांधतायत. मी काउंटरवर बसून सरकारी विम्याचे फॉर्म भरते आणि दिवसभर चिडते. सिस्टर चिडत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच चिडते.

गेल्या वर्षी विम्याचे नवे दर आले. जखम कसलीही असो, ड्रेसिंगचे पैसे आठवड्यातून एकदाच. तेही इतके कमी, की त्यात धड कापूस येऊ नये. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सिस्टर, विम्याच्या कार्डवाल्यांना आता आठवड्याला एकदाच बोलवा. पदरमोड तरी किती करायची?"

नेमके त्याच दिवशी कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले. साखरेचा आजार, पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. मोठ्या हॉस्पिटलने बजावलं होतं, रोज ड्रेसिंग करा, नाहीतर पाय कापावा लागेल.

"पाय गेला तर मशीन काय कपाळाने चालवू?" काका हसत म्हणाले.

"उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत या. मागच्या दाराने," सिस्टर म्हणाल्या.

तीन महिने, रोज. डबा तसाच राहायचा, कापूस सिस्टरच्या पगारातला. डॉक्टरांना दिसत होतं, तेही पाठ फिरवून चहा प्यायचे. फॉर्मवर मी आठवड्याला एकच ड्रेसिंग लिहायचे. जास्त लिहिलं की मेले अख्खा फॉर्मच परत पाठवतात! शेवटी पाय वाचला. 'जखम पूर्ण भरली' हे मी मोठ्या हौसेने लिहिलं.

मग डॉक्टरांनी दर वाढवण्यासाठी अर्ज केला. परवा उत्तर आलं : 'आपल्याच नोंदींनुसार आठवड्याला एका ड्रेसिंगने मधुमेही रुग्णाची जखम भरली आहे. सबब सध्याचा दर पुरेसा आहे.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझंच अक्षर आमच्या गळ्याशी आलं होतं.

"करा अजून उपकार!" मी सिस्टरवरच ओरडले. "एखाद्याचा पाय सडू दे आता, म्हणजे कळेल त्यांना!"

सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्यापुढे ठेवलं.

"कुणाचा सडू देऊ?" त्या म्हणाल्या. "नाव सांग."

समोर बाकावर चार कार्डवाले बसले होते. चौघांचे फॉर्म मीच भरले होते, चौघांची नावं मला पाठ होती. मी उठले आणि मागच्या दाराची कडी काढून आले.